चेंडू बाळूंचा, बॅट साहेबाची

उंब्रज-कराड भागातल्या कोणत्याही पोराला खाशाबा जाधव कोण, असे विचारून पाहा. गोळेश्वरचा पैलवान, हेलसिंकी, १९५२ साल, कांस्यपदक, सगळे तो घडाघडा सांगेल. मग त्याच पोराला बाळू पालवणकर कोण, असे विचारा. बहुतेक वेळा पोरगा तोंडाकडे बघत राहील. यात पोराचा दोष नाही. त्याच्या पाठ्यपुस्तकात हे नाव नाही, क्रिकेटच्या समालोचनात ते कधी ऐकू येत नाही आणि खरे सांगायचे तर आपल्या चळवळीच्या व्यासपीठावरूनही ते क्वचितच घेतले जाते. ते का घेतले जात नाही, त्यालाही कारण आहे आणि ते कारण पुढे सांगणारच आहे. परंतु आज विषय वेगळा आहे. शिकवणारा कोणाला म्हणायचे, हा आजचा प्रश्न आहे.

अलीकडे क्रिकेटच्या प्रत्येक संघाबरोबर प्रशिक्षकांचा ताफाच असतो. फलंदाजीचा वेगळा, क्षेत्ररक्षणाचा वेगळा, गोलंदाजीचा वेगळा. पारस म्हांब्रे हे आपल्या मुंबईचे मध्यमगती गोलंदाज १९९६ साली इंग्लंडमध्ये दोन कसोटी सामने खेळले. खेळाडू म्हणून कसोटी कारकीर्द तेवढ्यावर आटोपली. पण गोलंदाजी शिकवण्याचे काम त्यांनी धरले, राज्यांच्या संघांपासून सुरुवात करून वरपर्यंत गेले, २०२१ च्या नोव्हेंबरात भारतीय संघाचे गोलंदाजी प्रशिक्षक झाले आणि जून २०२४ मध्ये बार्बाडोसला भारताने टी-२० विश्वचषक जिंकला तेव्हा त्या पदावर होते. चांगली गोष्ट आहे. मैदानात थोडे खेळलेला माणूस मैदानाबाहेर मोठा गुरू होऊ शकतो, हे त्यातून दिसते. त्याला पद मिळते, करार मिळतो, नावाची पाटी मिळते. मग प्रश्न असा पडतो की, हेच काम शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जो माणूस रोज करत होता, त्याला काय मिळाले?

बाळू पालवणकर यांचा जन्म १८७० च्या दशकातला, धारवाडचा. घराणे कोकणातल्या पालवणचे, जात चांभार. वडील लष्कराच्या नोकरीत असल्यामुळे बिऱ्हाड पुण्याला आले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूंवर बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. घरची ओढाताण, तेव्हा शाळा सुटली आणि पारशांच्या क्रिकेट क्लबात नोकरी लागली. काम मैदान झाडायचे आणि खेळपट्टीवर रोलर फिरवायचे, पगार महिना तीन रुपये. मध्येच कधी तरी सभासदांना चेंडू टाकायचा. १८९२ च्या सुमारास ते इंग्रजांच्या पूना क्लबात गेले. तिथे चार रुपये झाले. म्हणजे एक रुपयाची बढती!

या क्लबात खेळपट्टी तयार करायची, जाळी बांधायची, टेनिसच्या कोर्टाच्या रेघा मारायच्या आणि मग सायंकाळी साहेब लोक सरावाला आले की त्यांना गोलंदाजी करायची. त्या साहेबांत जे. जी. ग्रेग नावाचा लष्करी अधिकारी होता. अंगाने लहानखुरा पण बॅटीने जबर. त्या काळातल्या हिंदुस्थानातील गोऱ्या फलंदाजांत त्याचे नाव पहिल्या ओळीत घेत. हा ग्रेग इतरांच्या आधी तासभर मैदानावर यायचा आणि बाळूंना गोलंदाजी करायला लावायचा. बाद केलेस तर दर वेळी आठ आणे देईन, असा त्याने सौदा केला होता, असे सांगतात. बाळूंचा डावा हात. चेंडू दोन्हीकडे वळायचा, टप्पा अचूक पडायचा. रोज, महिनोन् महिने, शेकडो चेंडू.

आता वाचकहो, जरा थांबून विचार करा. हा जो तासभर चालायचा त्याला काय म्हणायचे? एक माणूस दुसऱ्याच्या खेळातले दुबळेपण हेरतो, तिथेच पुन्हा पुन्हा चेंडू टाकतो, चुकले की बाद करतो, दुसऱ्या दिवशी नवे कोडे घालतो आणि समोरचा दिवसेंदिवस तयार होत जातो. यालाच आज प्रशिक्षण म्हणतात. ग्रेग त्यातून तयार झाला. पण शिकणारा साहेब आणि शिकवणारा नोकर असल्यामुळे त्या नात्याला गुरू-शिष्य हे नाव मिळाले नाही, 'आठ आण्याचा सौदा' एवढेच नाव मिळाले. आणि यात सगळ्यात बोचणारी गोष्ट बाळूंनीच पुढे आपल्या मुलाला सांगितली होती. पूना क्लबातल्या त्या सगळ्या वर्षांत त्यांना हजारो चेंडू टाकायला मिळाले, परंतु बॅट हातात घेऊन एकदाही उभे राहू दिले गेले नाही. रामचंद्र गुहा यांनी २००२ साली 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड' या पुस्तकात हा सगळा इतिहास विस्ताराने मांडला, म्हणून तो आज आपल्या हाती आहे.

क्रिकेटमध्येही वर्णव्यवस्था आहे, असे म्हटले की लोक हसतात. पण बघा ना. घाम गाळायचा, धाव घ्यायची, खांदा झिजवायचा, ते काम नोकराला. उभे राहून टोलवायचे आणि टाळ्या घ्यायच्या, ते काम मालकाला. विलायतेतही तेव्हा पगारी व्यावसायिक गोलंदाजी करत आणि जमीनदारांची पोरे फलंदाजी करत. आपल्याकडे त्यात जातीचा ताप मिसळला, इतकेच.

साताऱ्याशी या माणसाचा संबंध कुठे येतो, ते आता सांगतो. पुण्याच्या हिंदूंना इंग्रजांना हरवायचे होते आणि त्यांच्याकडे बाळूंच्या तोडीचा गोलंदाज नव्हता. घ्यावे तर अस्पृश्य, न घ्यावे तर हार. बराच खल झाला आणि अखेर जिंकण्याची हौस सोवळ्यापेक्षा वरचढ ठरली. त्या संघातून बाळू १८९० च्या दशकात साताऱ्याला खेळायला आले. समोर केवळ गोऱ्यांचा असलेला तिथला जिमखाना. बाळूंची फिरकी चालू नये म्हणून यजमानांनी आठवडाभर रोलर फिरवून खेळपट्टी फरशीसारखी कडक करून ठेवली होती. रोलर फिरवूनच ज्याचे हात घट्टे पडलेले, त्याला रोलरची भीती घालायला निघाले होते! बाळूंनी सात बळी घेतले आणि सामना पुण्याच्या हिंदूंनी जिंकला. त्यांचे नाव क्लबाच्या जाळीबाहेर गेले ते या साताऱ्याच्या मैदानावरून. पुढे पुण्याच्या समारंभात न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांच्या गळ्यात हार घातल्याची नोंद आहे.

पण हार गळ्यात आणि चहा मैदानाबाहेर! इतर खेळाडू तंबूत बसून चिनी मातीच्या कपातून चहा पीत असताना बाळूंना बाहेर मातीच्या टाकाऊ भांड्यातून चहा मिळे. जेवणाचे ताट वेगळे, बसायची जागा वेगळी. तोंड धुवायचे झाले तर अस्पृश्य नोकर मैदानाच्या कोपऱ्यात पाणी घेऊन येई. चेंडू मात्र सगळ्यांच्या हातातून फिरत होता. बाळूंनी टाकलेला चेंडू ब्राह्मण यष्टीरक्षक झेलत होता, तेव्हा विटाळ होत नव्हता. विटाळ व्हायचा तो कपाला.

उंब्रजहून मसूर काही लांब नाही. बाबासाहेबांच्या आठवणींत याच मसूर स्टेशनाचा प्रसंग आहे. १९०१ साली साताऱ्याहून ही मुले वडिलांना भेटायला गोरेगावला निघाली आणि मसूरला उतरली. अंगावरचे चांगले कपडे बघून स्टेशनमास्तर आपुलकीने बोलला आणि जात कळताच त्याचा चेहरा बदलला. गाडीवान बसवून घेईनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन गाडी पोरांनीच हाकायची, असे ठरले. रात्रभर जवळ खायला होते पण प्यायला पाण्याचा थेंब मिळाला नाही. त्याच्या आदल्या वर्षी, ७ नोव्हेंबर १९०० ला भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले होते. बाळूंचे मैदान आणि भीमरावांची शाळा एकाच गावातली, आणि चहाचे वेगळे भांडे व मसूरचे नाकारलेले पाणी ही एकाच दशकाच्या आसपासची. त्यामुळे १९११ साली बाळू इंग्लंडचा दौरा गाजवून परत आले, तेव्हा मुंबईत आपल्या लोकांनी त्यांचा सत्कार केला आणि मानपत्र लिहून सादर केले ते वीस वर्षांच्या भीमरावांनी, असे गुहा लिहितात, त्यात आश्चर्य काहीच नाही. पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली गेलेला तो संघ बहुतेक सामने हरला होता. बाळूंनी मात्र ११४ बळी घेतले होते.

आता एकदम सातासमुद्रापार जाऊ या, कारण आपले दुखणे आपल्यापुरतेच नाही, हे कळायला ते बरे पडते. दलित पँथरच्या पिढीला अमेरिकेतल्या काळ्यांचा लढा जवळचा वाटला तो उगीच नव्हे. तिकडे बेसबॉल नावाचा खेळ आहे. त्यात गोलंदाजासारखा जो चेंडू फेकतो, त्याला पिचर म्हणतात. सामना सुरू करणारा पिचर दमला, मार खाऊ लागला की मधूनच दुसरा येतो. तो रिलीफ पिचर. तो तोवर मैदानाच्या कडेला 'बुलपेन'मध्ये हात गरम करत असतो. बुलपेन म्हणजे शब्दशः बैल कोंडायचा गोठा. गावाकडच्या माणसाला हे चित्र लगेच समजेल. संकट पडले की सोडायचा, काम झाले की विसरायचा. असे रिलीफ पिचर पुष्कळदा पुढे पिचिंग कोच होतात, कारण खांदा कसा जपावा, दडपणात हात कसा सैल ठेवावा, समोरच्याचा काय अंदाज घ्यावा, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. गोठ्यात बसून तासन् तास त्यांनी खेळ पाहिलेला असतो.

सॅचेल पेज हा अलाबामातल्या मोबिल गावचा काळा पिचर. जन्म १९०६ चा. अमेरिकेतला सगळ्यात थोर पिचर तोच, असे त्याच्याविरुद्ध खेळलेले गोरेही म्हणत. पण मोठ्या लीगची दारे काळ्यांना बंद होती. काळ्यांच्या वेगळ्या लीग होत्या. वेगळा कप म्हणा ना! पेजने उमेदीची सगळी वर्षे तिथे काढली. १९४७ साली जॅकी रॉबिन्सनने ती रंगरेषा मोडली आणि १९४८ च्या जुलैत, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, पेजला क्लीव्हलँड संघाने घेतले. कोणत्या कामाला? मुख्यतः रिलीफला. जगातला सर्वश्रेष्ठ फेकणारा गोठ्यात बसून हाक येण्याची वाट पाहू लागला. हाक आली की जात होता आणि काम करून येत होता. त्या मोसमात त्याने सहा सामने जिंकले, एक गमावला. संघ वर्ल्ड सिरीज जिंकला आणि त्या स्पर्धेत चेंडू फेकणारा तो पहिला काळा पिचर ठरला. पुढे सेंट लुइसकडून तीन मोसम. १९६५ मध्ये, एकोणसाठाव्या वर्षी, कॅन्सस सिटीकडून तीन डाव फेकले आणि एकही धाव दिली नाही.

आणि आता महत्त्वाचे. १९६८ साली हिशेब केला तेव्हा कळले की, बेसबॉलच्या पेन्शनसाठी लागणारे दिवस भरायला पेजला १५८ दिवस कमी पडतात. का कमी पडतात? कारण त्याची वीसेक वर्षे ज्या लीगमध्ये गेली ती धरलीच जात नव्हती. गोऱ्यांनी दार बंद ठेवले आणि मग विचारले, तू आत किती दिवस होतास? अटलांटा ब्रेव्हज संघाच्या मालकाने त्याला कोच म्हणून कामावर घेतले आणि दिवस भरून दिले. त्या मालकाचे मी आभारच मानीन, माणूस भला होता. तरीही हे ध्यानात घ्या की, ज्याने दोन पिढ्यांना चेंडू फेकण्याची कला दाखवली त्याला 'कोच' ही पदवी मिळाली ती पेन्शनची अट भागवण्यासाठी! १९७१ ला त्याला हॉल ऑफ फेममध्ये घ्यायचे ठरले, तेव्हाही आधी काळ्यांसाठी वेगळे दालन काढायचा घाट होता. ओरड झाली, मग इतरांच्या रांगेत त्याची पाटी लागली. पुण्याच्या मैदानावरचे मातीचे भांडे आणि न्यूयॉर्क राज्यातले हे वेगळे दालन यांची जातकुळी एकच आहे.

बाळूंना तर पेन्शनपुरतीही ती पदवी मिळाली नाही. त्यांच्या नावापुढे इतिहासात गोलंदाज येते, राजकारणातला उमेदवार येते. गुरू हा शब्द येत नाही. आणि 'आपल्या देशात तेव्हा प्रशिक्षक नेमायची पद्धतच नव्हती' असे कोणी सांगू नये. संस्थानिकांच्या पदरी परदेशी खेळाडू शिकवायला ठेवलेले असत. आपल्या सांगलीत जन्मलेले विजय हजारे यांना ऑस्ट्रेलियाचा फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट याचे मार्गदर्शन मिळाले. ग्रिमेट मोठाच होता, ३७ कसोटींत २१६ बळी. हजाऱ्यांनी त्याचे ऋण मानले, ते योग्यच. म्हणजे गोलंदाज हा गुरू होऊ शकतो, हे इथल्या राजेरजवाड्यांना कळत होते. कोणता गोलंदाज, एवढाच प्रश्न होता.

तीच गत कर्णधारपदाची. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्या विजयात बाळूंचा वाटा मोठा. त्यानंतर संघात वर्षानुवर्षे सर्वांत अनुभवी तेच. पण टॉस करायला जाणारा हात सवर्णाचा हवा. १९१३ साली कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी, हा मान खरे तर बाळूंचा होता, असे जाहीर सांगितले. प्रामाणिक माणूस म्हणायचा. १९२० मध्ये अन्यायाचा कडेलोट झाला, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी संघातून अंग काढून घेतले. हा बहिष्कार महाडच्या सत्याग्रहाच्या सात वर्षे आधीचा आहे! तीन वर्षांनी, १९२३ ला, विठ्ठल पालवणकर कर्णधार झाले आणि हिंदू संघ जिंकला. विठ्ठलरावांनी पुढे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. आपल्या किती ग्रंथालयांत ते आहे, हे वाचकांनीच आपापल्या गावात बघावे.

आता ते कारण. बाळू पालवणकर काँग्रेसच्या आणि गांधीजींच्या बाजूला गेले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत बाबासाहेबांच्या विरोधात काँग्रेसने त्यांनाच उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली आणि बाळूंना ११,२२५. ज्या तरुणाने मानपत्र लिहिले, त्याच्याच विरुद्ध मानपत्राचा मानकरी. हे आपल्याला खुपते आणि खुपायलाच हवे. त्यांची ती राजकीय भूमिका चुकीची होती, हे स्पष्ट म्हणतो. परंतु जरा बारकाईने पाहा. १८९० च्या दशकात हिंदूंनी त्यांना का घेतले होते? इंग्रजांना बाद करायला. १९३७ ला काँग्रेसने का घेतले? बाबासाहेबांना बाद करायला. दोन्ही वेळा काम तेच, गोलंदाजाचे. खेळातला सौदा आठ आण्याचा होता, राजकारणातला कितीचा होता ते काँग्रेसला माहीत. माणूस वापरला गेला म्हणून त्याच्या हातातली कला खोटी ठरत नाही, आणि ती कला आपल्या इतिहासातून वजा केली तर तोटा आपलाच आहे. १९५५ च्या जुलैत ते वारले.

हे सगळे जुने झाले, असे म्हणाल तर आजचे बघू. भारतीय संघासोबत सरावाला चेंडू फेकणारे खास लोक असतात. हातात लांब दांड्याचा चमचा घेऊन ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेगाने चेंडू सोडतात. कर्नाटकातल्या कुमट्याचे डी. राघवेंद्र हे त्यांतले नावाजलेले. वेगवान गोलंदाजी खेळण्यात आपली जी सुधारणा झाली तिचे श्रेय विराट कोहलीने जाहीरपणे त्यांना दिले आहे. ग्रेगने बाळूंना जे दिले नाही ते कोहलीने दिले, ही प्रगती मी मान्य करतो. शिकवणाऱ्याचे नाव घेतले गेले, तो संघाच्या विमानात बसला, त्याला पगार मिळाला. पण तो एक झाला. खाली तालुक्याच्या गावात या. फी भरून शिकायला येणाऱ्या मुलांना भर उन्हात चेंडू टाकणारी, जाळी बांधणारी, सायंकाळी मॅटिंग गुंडाळून ठेवणारी पोरे कोणाची असतात? त्यांना दिवसाला काय मिळते? वडापाव आणि पन्नास-शंभर रुपये मिळाले तरी पुष्कळ. त्यातल्या कोणाच्या हातात बॅट येते?

संघातल्या जागांना आरक्षण असावे की नको, यावर अधूनमधून वाद झडतो आणि विझतो. मैदानावरच्या अकरांबद्दल सगळे बोलतात. मैदानाबाहेर जे प्रशिक्षक, निवड समितीवाले, खेळपट्टी बनवणारे, अकादमीचे मालक आहेत, त्यांच्याबद्दल कोणी विचारत नाही. खेळाडूची कारकीर्द दहा-बारा वर्षांची. प्रशिक्षकाची तीस-चाळीस वर्षांची असते आणि कोणते पोर पुढे जाणार ते तोच ठरवतो. प्रशिक्षकाचा दाखला मिळवायला अभ्यासक्रम करावे लागतात, त्याला पैसा लागतो, इंग्रजी लागते, कोणाची तरी शिफारस लागते. जाळीत दहा वर्षे चेंडू टाकलेल्या पोराकडे खांद्याच्या दुखण्याखेरीज दुसरा दाखला नसतो. सॅचेल पेजचे जसे वेगळ्या लीगमधले दिवस धरले गेले नाहीत, तसे या पोराचे जाळीतले दिवसही धरले जात नाहीत.

ते धरले जावेत, एवढी साधी मागणी आहे. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात ती लेखी करता येते. सराव गोलंदाज म्हणून अमुक वर्षे काम केल्याची नोंद असावी, प्रशिक्षकाच्या पहिल्या अभ्यासक्रमाला त्या नोंदीचे गुण मिळावेत, अशा पोरांची फी माफ व्हावी आणि तो अभ्यासक्रम मराठीत असावा. आपल्या मंडळांनीही १४ एप्रिलच्या क्रीडास्पर्धांत एक बदल करून पाहावा. उत्कृष्ट फलंदाजाला चषक देतो, तसा त्या पोरांना शिकवणाऱ्यालाही द्यावा आणि त्यावर बाळू पालवणकरांचे नाव घालावे. स्कोअरकार्डावर ते 'पी. बाळू' एवढेच लिहिले जायचे. आपण पूर्ण लिहू.